बाबांच्या मणक्यात संसर्ग: लगेच टीबीची औषधं की आधी बायोप्सी?

मृण्मयी_कर्वेनगर · सोमवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं नीट सांगते.

बाबा ६६ वर्षांचे. मधुमेह जुना, गोळ्यांवर आहेत. दिवाळीनंतर कंबर धरली. घरात रंगकाम झालं होतं, कपाट सरकवताना लचक भरली असेल असं सगळ्यांना वाटलं. शेक, मलम, पट्टा, दुखण्याच्या गोळ्या, सगळं झालं. एक्स-रेमध्ये 'वयोमानानुसार झीज' एवढंच आलं. पण दुखणं वाढतच चाललंय. पडून राहिलं तरी थांबत नाही, रात्री कूस बदलताना अक्षरशः ओरडतात. संध्याकाळी अंगात कसर असते, थर्मामीटर मात्र ९९-१०० च्या वर जात नाही. जेवण तुटलंय, पँटी सैल झाल्यात.

शेवटी एमआरआय केला. कमरेचा दुसरा आणि तिसरा मणका आणि मधली गादी, तिन्हींत संसर्ग. शेजारच्या स्नायूत थोडा पू. शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्यांत ईएसआर नव्वदीच्या पुढे, सीआरपी पण भरपूर वाढलेला. रिपोर्टच्या तळाशी लिहिलंय की क्षय किंवा इतर जंतू, दोन्ही शक्य.

एक डॉक्टर म्हणतात, आपल्याकडे मणक्याचा संसर्ग म्हणजे टीबीच धरायचा, उद्यापासून गोळ्या सुरू करा, या वयात सुया कशाला टोचायच्या. दुसरे म्हणतात, सीटी स्कॅनखाली सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय एकही अँटिबायोटिक द्यायचं नाही. दोघेही अनुभवी आहेत. आई सुईच्या नावाने रडकुंडीला आलीये, भाऊ बंगळुरूला. यातून कुणी गेलंय का?

रास्तापेठी · सोमवार, रात्री १०:३१

बायोप्सी करा. माझ्या भावाचं उदाहरण आहे, उद्या सविस्तर लिहितो.

भालचंद्र_काका · सोमवार, रात्री ११:०५

मृण्मयी, आधी धीर धर. आमच्या हिला पाठीच्या मणक्याचा टीबी झाला होता. डॉक्टरांनी एमआरआय पाहिला, छातीचा एक्स-रे पाहिला आणि गोळ्या सुरू केल्या. बायोप्सी वगैरे काही नाही. महिन्याभरात भूक लागायला लागली, वर्षभर औषध नेमाने घेतले, आज ती पर्वती चढते. मुरलेल्या डॉक्टरचा अंदाज सहसा चुकत नाही. बायोप्सीतूनही पुष्कळदा 'काही सापडले नाही' असेच उत्तर येते, असे मी स्वतः तिथल्या इतर रुग्णांकडून ऐकले आहे. मग सोसायचे कशासाठी?

डॉ_संहिता · सोमवार, रात्री ११:४०

मृण्मयी, आधी मला हे सांगा, बाकी सगळं नंतर: पायातली ताकद कमी झालीये का? चप्पल निसटते का? मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसण्याच्या जागी बधिर वाटतं का? लघवी अडते किंवा नकळत होते का? यातलं एक जरी असेल तर इथे वाचत बसू नका, आत्ता इमर्जन्सीत न्या. मज्जारज्जू किंवा नसांच्या शेजारी पू साठला तर काही तासांचा उशीरही पायांवर कायमचा परिणाम करू शकतो. ताप, पाठदुखी आणि पायांची कमजोरी ही तिन्ही एकत्र दिसेपर्यंत थांबू नये, कारण बहुतेकांत ती एकत्र दिसतच नाहीत.

दुसरं, गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठे जखम, गळू, लघवीचा संसर्ग, सलाईन, दाताचं काम, कमरेत इंजेक्शन असं काही?

मृण्मयी_कर्वेनगर · मंगळवार, सकाळी ७:१५

डॉक्टर, पाय ठीक आहेत. आत्ताच टाचांवर आणि चवड्यांवर उभं करून पाहिलं, दुखतं पण जमतं. लघवी व्यवस्थित.

जखमेचं विचारलंत म्हणून आठवलं. गणपतीत विसर्जनाला अनवाणी गेले होते, अंगठ्याला काहीतरी लागलं. ते चिघळलं, पू झाला, बरेच दिवस पट्टी करत होतो. आता सुकलंय. त्याचा कमरेशी संबंध असू शकतो?

डॉ_संहिता · मंगळवार, सकाळी ८:०२

असू शकतो, आणि दाट असू शकतो. मणक्यात जंतू बहुतेक वेळा रक्तातून पोचतात. त्वचेच्या जखमेतून स्टॅफिलोकॉकस ऑरियस, लघवीच्या संसर्गातून ई. कोलाय, डायलिसिसच्या नळीतूनही. मोठ्या माणसांत टीबी सोडून जे संसर्ग होतात त्यांत स्टॅफ सगळ्यांत जास्त सापडतो, आणि मधुमेहींना धोका अधिक.

एमआरआयवरून अंदाज बांधता येतो. टीबी सहसा छातीच्या आणि कमरेच्या सांध्याच्या भागात येतो, हळूहळू वाढतो, मधली गादी बराच काळ टिकते, कारण गादी विरघळवणारी विकरं क्षयाच्या जंतूकडे नसतात. शेजारी मोठे, भिंत पातळ असलेले गळू दिसतात, आणि कधी दूरच्या मणक्यातही दुसरा डाग असतो, म्हणून पूर्ण कण्याचं स्कॅन करून घ्यावं. पू करणारे जंतू कमरेत जास्त, वेगाने वाढतात, गादी लवकर खातात. तुमच्या बाबांची गादी गेलीये, जागा कमरेची, पायाला जखम होऊन गेलीये. पण हा अंदाज झाला. दोन्हींची चित्रं एकमेकांत इतकी मिसळतात की नुसत्या फिल्मवर मी वर्षभराची औषधं सुरू करणार नाही.

आजच दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त घेऊन कल्चरला, म्हणजे जंतू उगवून पाहायच्या तपासणीला, पाठवायला सांगा. ते अँटिबायोटिकच्या आधीच व्हायला हवं. रक्तात स्टॅफ सापडला आणि एमआरआय असा असेल तर कधीकधी सुईची गरजही उरत नाही. आणि कृपा करून 'तोपर्यंत म्हणून' कुणी लिव्होफ्लॉक्सॅसिन दिलं तर घेऊ नका. ते टीबीलाही थोडं दाबतं, इतर जंतूंनाही दाबतं, आणि मग कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. रुग्ण स्थिर असेल, पाय चांगले असतील, तर बायोप्सीपर्यंत अँटिबायोटिक थांबवणं सुरक्षित असतं. अंगात जंतू पसरून रक्तदाब पडायला लागला किंवा पाय जायला लागले तर मात्र कशाचीही वाट न पाहता औषध.

फिजिओ_अनघा · मंगळवार, सकाळी ९:३०

तुम्ही मालिश केली नाहीत हे फार चांगलं केलंत. माझ्याकडे दर काही महिन्यांनी असा एखादा पेशंट येतो, आधी कुठेतरी पाठ मोडून, वजन लावून खेचून घेतलेली असते. संसर्गाने पोखरलेल्या मणक्यावर दाब दिला तर तो खचू शकतो.

कंबरदुखी घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी विचारतेच: रात्री झोपेतून उठवतं का? आडवं झाल्यावर हलकं वाटतं का? वजन उतरलंय का? साधी लचक विश्रांतीने ऐकते. विश्रांतीला दाद न देणारं, दिवसेंदिवस वाढणारं आणि सोबत कसर असलेलं दुखणं दिसलं की मी व्यायाम न देता सरळ रक्त तपासायला पाठवते. ताप नाही म्हणून संसर्ग नाही, असं धरत नाही. एक्स-रेचंही तसंच, पहिले काही आठवडे तो निर्दोष दिसतो.

रास्तापेठी · मंगळवार, दुपारी १:१०

काल कबूल केल्याप्रमाणे.

धाकटा भाऊ, तेव्हा चाळिशीचा, हिंजवडीत नोकरी. पाठ दुखते म्हणून एमआरआय, त्यात दोन मणके. एका खाजगी ठिकाणी बायोप्सी न करता टीबीच्या चार औषधांच्या गोळ्या सुरू झाल्या. आणि काका, अंदाज बरोबर होता, टीबीच होता! पण तीन महिने होऊनही दुखणं तसंच, मग पायांत मुंग्या, मग जिना चढताना पाय लटपटायला लागले. तेव्हा ऑपरेशन करून पू काढला, मणक्यांना स्क्रू-रॉडचा आधार दिला. तो पू सीबीनॅट या टीबीचा जंतू शोधणाऱ्या तपासणीला गेला आणि कळलं की जंतू रिफाम्पिसिनला दाद देत नाही. म्हणजे त्याने तीन महिने गिळलेल्या गोळ्यांतलं मुख्य औषधच निकामी. पुढे औषधं बदलली, पाय हळूहळू परत आले, आता कार चालवतो.

सीबीनॅटचं उत्तर साधारण दोन तासांत मिळतं, आणि जंतू आहे की नाही यासोबत रिफाम्पिसिन चालेल की नाही हेही कळतं. पहिल्याच आठवड्यात सुई घातली असती तर माझ्या भावाचा तो काळ वाचला असता. म्हणून मी 'टीबीच आहे, द्या गोळ्या' या वाक्याला कडाडून विरोध करतो. टीबी असला तरीसुद्धा बायोप्सी हवी.

भालचंद्र_काका · मंगळवार, दुपारी २:४५

तुमच्या भावाचे वाचून वाईट वाटले, आणि तो चालता झाला याचा आनंदही झाला. पण माझा मुद्दा उरतोच. सुईत काहीच सापडले नाही तर काय? तेव्हा अंदाजावरच यावे लागते ना?

डॉ_संहिता · मंगळवार, दुपारी ३:२०

काका, मुद्दा रास्त आहे. सुईने घेतलेल्या तुकड्यातून जंतू न उगवणं ही नेहमीची गोष्ट आहे, विशेषतः आधी अँटिबायोटिक झालं असेल तर. म्हणून तुकडा कुठे कुठे पाठवला हे फार महत्त्वाचं. साधं कल्चर, टीबीचं कल्चर, सीबीनॅट, बुरशी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची तपासणी, हे सगळं एकाच वेळी. मी पाहिलंय की अख्खा नमुना फॉर्मलिनच्या बाटलीत टाकून येतो. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर कशाचं करणार? मृण्मयी, आदल्या दिवशीच विचारून ठेवा की निर्जंतुक डबीत वेगळा नमुना घेणार आहात ना.

सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाहीच असं होत नाही, टीबीच्या द्रव कल्चरला सहा आठवडे थांबावं लागतं. पहिल्यांदा काही मिळालं नाही तर पुन्हा सुई किंवा छोटं ऑपरेशन. तेही करून हाती काही लागलं नाही आणि चित्र टीबीचं असेल, तर तुमच्या पत्नीला दिली तशी औषधं देणं अगदी योग्य. आपल्या देशात टीबीचं प्रमाण पाहता तुमच्या डॉक्टरांचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. फक्त तो शेवटचा पर्याय असावा, पहिला नको.

पशुवैद्य_दौंड · मंगळवार, रात्री ८:५०

तिसरा पाहुणा राहिलाच की मंडळी. ब्रुसेला.

आमच्या धंद्यात हा ओळखीचा. गाय-म्हैस गाभडली की वार काढताना हातमोजे नसले, किंवा कच्चं दूध प्यालं, की माणसाला होतो. ताप येतो-जातो, रात्री घाम, सांधे आणि कंबर दुखते. माझ्याच एका सहकाऱ्याची कंबर टीबी म्हणून चालली होती. कुणीतरी धंदा विचारला, रक्ताची ब्रुसेलाची तपासणी केली आणि उलगडा झाला. उपचार वेगळा आहे, डॉक्सिसायक्लिनसोबत दुसरं औषध, आणि मणक्यात असेल तर निदान तीन महिने. त्यात घोळ असा की रिफाम्पिसिन दोन्हींवर चालतं, त्यामुळे टीबीच्या गोळ्यांनी अर्धवट बरं वाटतं आणि निदान आणखी लांबतं.

ताई, बाबा गोठ्यात जातात का, कच्चं दूध घेतात का?

मृण्मयी_कर्वेनगर · मंगळवार, रात्री ९:१२

नाही हो, आमच्याकडे पिशवीचं दूध, तेही आई तीनदा उकळते.

पशुवैद्य_दौंड · मंगळवार, रात्री ९:१५

मग ब्रुसेलाची काय टाप आहे वहिनींच्या गॅसपुढे! तरी डॉक्टरांच्या कानावर घाला, रक्ताची एक तपासणी जास्त झाली तर बिघडत नाही.

पिंपरीची_पोर · बुधवार, सकाळी १०:४०

थोडं अवांतर. हा धागा वाचताना वडील शेजारी होते, ते हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधून निवृत्त झालेत. १९५४ साली पिंपरीत ही सरकारी कंपनी सुरू झाली आणि आमची कॉलनी तिच्याच भोवती वाढली. ते म्हणाले, "स्टॅफ असेल तर आमचं पेनिसिलिन द्या म्हणावं." खरंच चालेल का हो डॉक्टर? त्यांना उत्तर हवंय, माझ्या मागे लागलेत.

डॉ_संहिता · बुधवार, दुपारी १२:३०

त्यांना माझा नमस्कार सांगा. पिंपरीच्या पेनिसिलिनने किती जीव वाचवले याची मोजदाद नाही. पण स्टॅफ आता साध्या पेनिसिलिनला बहुतेक वेळा जुमानत नाही, ते मोडणारं विकर तो तयार करतो. त्याच कुळातली सेफाझोलिन किंवा क्लॉक्सासिलिनसारखी औषधं चालतात. तीही चालत नसतील तर व्हँकोमायसिन. कोणतं चालेल हे कल्चरच सांगतं, म्हणजे आपण पुन्हा सुईपाशीच आलो.

ओढ्याकाठी · बुधवार, रात्री ११:५५

मी एरवी फक्त वाचते. आज लिहिते.

मला लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मणक्याचा टीबी निघाला. बायोप्सीत सिद्ध झाला. औषधांचा त्रास सोसला, मळमळ, लघवी केशरी, सांधेदुखी. पण त्याहून जास्त त्रास झाला तो माझं ताट-वाटी वेगळं ठेवलं गेलं त्याचा. नणंदेने बाळाला माझ्याकडे द्यायचं बंद केलं. फुप्फुसात काही नव्हतं, छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, डॉक्टरांनी घरच्यांना समोर बसवून सांगितलं की बंद मणक्यातला टीबी खोकल्यातून पसरत नाही. तरी वर्ष तसंच गेलं. मृण्मयी, निदान टीबीचं आलं तर पहिल्या दिवशी सगळ्या घराला डॉक्टरांसमोर बसव. मी हे पुन्हा पुन्हा सांगेन.

आणि औषधं महाग पडतात म्हणून कुणी मध्येच सोडू नका. २०१२ पासून खाजगी डॉक्टरांनाही टीबीचा रुग्ण सरकारला कळवावा लागतो. निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाली की खाजगीत उपचार घेणाऱ्यालाही महापालिकेच्या दवाखान्यातून गोळ्या मोफत मिळू शकतात. पोषणासाठी बँकेत पैसेही येतात, आधी महिना ५०० होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० झाले. मणक्याला सहसा १२ महिने औषध असतं, काहींना १८ पर्यंत. इथॅम्ब्युटॉल चालू असताना रंग फिके दिसायला लागले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींनी हे विचारूनच घ्या, रिफाम्पिसिनमुळे त्यांचा परिणाम कमी होतो. मला कुणी सांगितलं नव्हतं.

रास्तापेठी · गुरुवार, सकाळी ८:१०

ओढ्याकाठी, लिहिलंत हे फार बरं केलंत. भावाच्या वेळी आमच्याही सोसायटीत कुजबुज झाली होती. आईने सत्यनारायण घालून सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि भावाला पंगतीत वाढायला उभं केलं. कुजबुज बंद.

भालचंद्र_काका · गुरुवार, सकाळी ९:००

तुमच्या मातोश्रींना माझा साष्टांग नमस्कार.

मृण्मयी_कर्वेनगर · पुढचा मंगळवार, रात्री ९:३०

उशीर झाला, माफ करा. धावपळ चालू होती.

बायोप्सी झाली. रक्त पातळ करायची गोळी काही दिवस आधी थांबवायला सांगितली होती. पालथं झोपवून, जागा बधिर करून, स्कॅनमध्ये पाहत सुई घातली. बाबा म्हणाले, सुईपेक्षा पालथं पडून राहणं जड गेलं. संध्याकाळी घरी. डब्यांचं मी आधीच विचारलं होतं, तिथल्या सिस्टरने हसून तीन वेगळ्या डब्या दाखवल्या.

सीबीनॅट निगेटिव्ह. पेशींच्या तपासणीत टीबीच्या गाठी नाहीत. आणि कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस! रक्ताच्या दोन्ही बाटल्यांतही तोच. सेफाझोलिन चालतं असा रिपोर्ट आहे. टीबीचं कल्चर सहा आठवड्यांनी येईल, पण डॉक्टर म्हणाले त्यासाठी थांबायचं नाही. काल दाखल केलं, इंजेक्शन सुरू झालं. हृदयाची इको केली, झडपांवर काही नाही.

टीबीच्या गोळ्या सुरू केल्या असत्या तर आज कुठे असतो, या विचाराने आईला झोप लागली नाही. आता दोन प्रश्न. सहा आठवडे इंजेक्शन पुरेल का, कारण एका नातेवाइकांना तीन महिने दिली होती. आणि पुढच्या महिन्यात एमआरआय परत करायचा का?

डॉ_संहिता · मंगळवार, रात्री १०:१५

छान बातमी. रक्तातही स्टॅफ आहे म्हणून इको केली हे उत्तम झालं. रक्ताचं कल्चर काही दिवसांनी पुन्हा करून जंतू गेल्याची खात्री करतील, ते राहू देऊ नका.

सहा आठवड्यांबद्दल: फ्रान्समध्ये साडेतीनशेच्या आसपास मोठ्या माणसांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. टीबी नसलेल्या अशा संसर्गात सहा आठवडे आणि बारा आठवडे, दोन्ही गट सारखेच बरे झाले. पू मोठा असेल आणि निचरा झाला नसेल, किंवा आत स्क्रू-रॉड असतील, तर जास्त दिवस देतात. बाबांचा पू थोडा आहे, तरी निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

एमआरआयची घाई नको. दुखणं कमी होतंय, भूक येतेय, सीआरपी उतरतोय, म्हणजे गाडी रुळावर आहे. हाडाचं चित्र मागाहून सुधारतं, पहिल्या महिन्यात ते आधीपेक्षा वाईटही दिसू शकतं आणि उगाच घबराट होते. दुखणं वाढलं, सीआरपी चढला किंवा पायात काही जाणवलं तरच लवकर स्कॅन. साखर या काळात काटेकोर ठेवा, त्यासाठी काही दिवस इन्शुलिन लागलं तर नाही म्हणू नका.

भालचंद्र_काका · मंगळवार, रात्री १०:४०

मृण्मयी, आनंद झाला. रास्तापेठी, या रुग्णापुरते तुमचे म्हणणे खरे ठरले, मान्य. पण दूर गावी, जिथे सीटीखाली सुई घालणारे कुणी नाही, तिथल्या डॉक्टरने काय करावे? याचा विचार पुण्यात बसून आपण करत नाही.

पशुवैद्य_दौंड · बुधवार, सकाळी ७:०५

काका, लाखमोलाचं बोललात. आमच्याकडचा माणूस सुईसाठी पुण्याला यायचा तर दोन दिवसांची मजुरी बुडते. पण रक्ताची कल्चरची बाटली तालुक्यालाही भरता येते, धंदा आणि जुनी जखम विचारायला तर पैसेही लागत नाहीत. एवढं करून मग रुग्ण पुढे पाठवा, हे मी आमच्याकडच्या डॉक्टरमित्रांना सांगत असतो.

मृण्मयी_कर्वेनगर · बुधवार, दुपारी ४:२०

पुढच्या आठवड्यात दंडात लांब नळी बसवून घरी सोडणार आहेत, इंजेक्शन द्यायला नर्स येईल. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबांनी जिना चढावा का? की आत्याकडे तळमजल्यावर ठेवू?

फिजिओ_अनघा · बुधवार, संध्याकाळी ५:००

आत्याकडे ठेवा, निदान पहिले काही आठवडे. पूर्ण अंथरुणात नको, पट्टा बांधून घरातल्या घरात थोडं थोडं चालू दे. खाली वाकून काही उचलायचं नाही, भारतीय पद्धतीचा संडास नको, कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. उठताना आधी कुशीवर वळून, हाताने रेटा देऊन बसायचं. घरी न्यायला रिक्षा नको, खड्ड्यांचे धक्के मणक्याला बसतात. पुढची सीट मागे कलती होणारी कार बघा. आणि नळीची जागा आंघोळीत भिजू देऊ नका, तिथे लाली किंवा थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

मृण्मयी_कर्वेनगर · बुधवार, संध्याकाळी ५:१०

आत्याला फोन केला. ती खोली आवरायलाच लागलीये.